सावकाशीचा हिशेब : सूक्ष्म जगातील कार्य आणि उष्णतेचे चढउतार

'अति घाई संकटात नेई' अशी पाटी घाटरस्त्यावर दर दोन वळणांनंतर दिसते. वाहनचालक ती किती मनावर घेतात हा प्रश्न वेगळा. परंतु भौतिकशास्त्राने हा उपदेश सुमारे दोनशे वर्षांपूर्वीच स्वीकारला आहे. १८२४ मध्ये सादी कार्नो या अठ्ठावीस वर्षांच्या फ्रेंच अभियंत्याने अग्नीच्या प्रेरक शक्तीवर एक छोटेसे पुस्तक प्रसिद्ध केले. वाफेच्या इंजिनातून जास्तीत जास्त किती कार्य मिळवता येईल, हा त्याचा विषय होता. त्यातून पुढे जे तत्त्व उभे राहिले ते असे की, एखादी प्रक्रिया जितकी सावकाश घडवावी तितकी ऊर्जेची नासाडी कमी होते आणि अनंत सावकाशीने घडवली तर नासाडी उरतच नाही. कार्नो आठ वर्षांनी, १८३२ मध्ये, पॅरिसमधील कॉलऱ्याच्या साथीत वारला. त्याचे तत्त्व मात्र उष्मागतिकी या शास्त्राचा पाया ठरले.

सायकलच्या पंपाचा दांडा झटकन दाबला तर नळी तापते. तोच दांडा अगदी हळूहळू दाबला तर आतील हवेला आपली उष्णता बाहेर सोडायला सवड मिळते आणि हाताला कमी कष्ट पडतात. या सावकाशीचे गणितही सोपे आहे. प्रक्रिया पुरेशी मंद असेल तर वेळ दुप्पट केल्यावर नासाडी निम्मी होते. इंजिन बांधणाऱ्यांना एवढे पुरेसे होते, कारण त्यांच्या सिलिंडरमध्ये रेणूंची संख्या अफाट होती आणि अफाट संख्येत सरासरी हीच वस्तुस्थिती असते.

यंत्र लहान होत गेले की हे चित्र बदलते. पाण्यात तरंगणाऱ्या, एखाद्या जिवाणूएवढ्या मण्याला पाण्याचे रेणू सतत धक्के देत असतात. आइन्स्टाइनने १९०५ मध्ये याच थरथरीचे स्पष्टीकरण दिले. असा मणी लेझरच्या चिमटीत धरून एका जागेवरून दुसऱ्या जागी नेला, तर लागणारे कार्य दर खेपेला निराळे भरते. कधी रेणूंचे धक्के विरोधात जातात, कधी ते फुकटची मदत करतात. या धक्क्यांचे माप म्हणजे बोल्ट्झमनचा स्थिरांक गुणिले तापमान. शास्त्रज्ञ त्याला 'केटी' म्हणतात. खोलीच्या तापमानाला ते सुमारे चार भाग भरते. भाग कसला, तर एका ज्यूलच्या अब्जाव्या भागाचा अब्जावा भाग आणि त्याचाही हजारावा. पंपाच्या हिशेबात ते कोठेच दिसत नाही. एका रेणूच्या किंवा एका अणूच्या हिशेबात मात्र जमाखर्चाची मुख्य रक्कम तीच असते.

सरासरी हाताशी असली तरी घरखर्चात रोजचा चढउतार सोसावाच लागतो. सूक्ष्म यंत्राचेही तसेच आहे. म्हणून गेल्या तीन दशकांत सरासरीऐवजी या चढउतारांचेच नियम शोधण्याचा प्रयत्न झाला. १९९७ मध्ये ख्रिस्तोफर जार्झिन्स्की याने एक थक्क करणारे समीकरण मांडले. प्रक्रिया कितीही घाईने घडवा, प्रत्येक खेपेचे कार्य मोजा आणि एका विशिष्ट घातांकी पद्धतीने त्यांची सरासरी काढा. उत्तर येते ते जणू प्रक्रिया अनंत सावकाशीने घडवल्यासारखे. दोन वर्षांनी गॅव्हिन क्रुक्स याने त्याहून तपशीलवार नियम दिला. २००२ मध्ये ऑस्ट्रेलियात कॅनबेरा येथील गटाने लेझरच्या चिमटीतील मणी पाण्यातून ओढून दाखवून दिले की, लहान कालावधीत उष्मागतिकीच्या दुसऱ्या नियमाच्या उलट्या दिशेने जाणाऱ्या खेपाही घडतात. दुसरा नियम त्यामुळे मोडत नाही, कारण तो सरासरीचा नियम आहे. त्याच वर्षी बर्कलेच्या संशोधकांनी आरएनएचा एकच रेणू ताणून-सोडून जार्झिन्स्कीचे समीकरण तपासले. घाईच्या मोजमापांतूनही सावकाशीचे उत्तर निम्म्या केटीच्या आत निघाले.

घाईसाठी असे सर्वव्यापी नियम मिळाले, मग सावकाशीत नवीन काय उरले, असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु मंद प्रक्रियांचा स्वतःचा एक खास नियम आहे आणि या लेखाचा विषय तोच आहे.

एखादी लहान प्रणाली आजूबाजूच्या उष्णतेशी सतत देवाणघेवाण करीत असते, तेव्हा तिला खुली प्रणाली म्हणतात. तिला हळूहळू हाकलले, म्हणजे तिच्यावरील बाहेरचे बल किंवा क्षेत्र संथपणे बदलले, तर वाटेत ती असंख्य वेळा थरथरते आणि प्रत्येक थरथर विसरून जाते. एकूण कार्य म्हणजे या स्वतंत्र, चिमुकल्या हिश्शांची बेरीज. अशा बेरजेचा आलेख घंटेच्या आकाराचा येतो, हे संख्याशास्त्राच्या विद्यार्थ्याला ठाऊक असते. थॉमस स्पेक आणि उडो झायफर्ट यांनी २००४ मध्ये मंद प्रक्रियांसाठी हे पक्के केले. जार्झिन्स्कीच्या समीकरणाशी जोडले की त्यातून एक नेमके नाते निघते : कार्याच्या फैलावाचा वर्ग हा सरासरी नासाडीच्या दोन केटी पट असतो. म्हणजे नासाडी आणि अनिश्चितता या दोन वेगळ्या व्याधी नसून एकाच व्याधीची दोन लक्षणे आहेत. नासाडी कमी करा, फैलाव आपोआप कमी होईल.

अर्थात दोन्ही एकाच वेगाने कमी होत नाहीत. वेळ दुप्पट केल्यावर नासाडी निम्मी होते. फैलाव निम्मा करायला मात्र चौपट वेळ लागतो. नासाडी केटीच्या शंभराव्या भागाइतकी कमी केली, तरी फैलाव तिच्या चौदा पट असतो. इतक्या सावकाशीत शंभरातील सुमारे ४७ खेपांमध्ये किमान म्हणून सांगितलेल्या खर्चापेक्षाही कमी कार्य लागलेले दिसेल. कार्नोला हे सांगितले असते तर त्याला ते चेष्टेसारखे वाटले असते.

या साऱ्याचा व्यवहाराशी संबंध काय? तो संगणकाच्या मार्गाने येतो. आयबीएममधील रॉल्फ लँडॉएर याने १९६१ मध्ये दाखवले की, माहितीचा एक बिट पुसायचा, म्हणजे तो शून्य असो वा एक, त्याला ठरवून शून्यावर आणायचा, तर किमान काही उष्णता बाहेर टाकावीच लागते. ती केटीच्या सुमारे ०.६९ पट, म्हणजे खोलीच्या तापमानाला सुमारे २.९ भाग भरते. भाग तोच, वर सांगितलेला. आजचे संगणक एका साध्या क्रियेसाठी याच्या हजारो पटींनी ऊर्जा जाळतात. २०१२ मध्ये फ्रान्समधील लिआँ येथे दोन मायक्रोमीटर व्यासाचा काचेचा मणी लेझरने तयार केलेल्या दोन खड्ड्यांपैकी एका खड्ड्यात ढकलून हा किमान खर्च प्रत्यक्ष मोजण्यात आला. बिट पुसण्याचा वेळ जसजसा वाढवला, तसतशी सरासरी उष्णता लँडॉएरच्या मर्यादेकडे सरकत गेली. सावकाशीचे तत्त्व येथेही खरे ठरले.

आता मण्याच्या जागी एकच अणू किंवा क्वांटम संगणकाचा एक क्यूबिट ठेवला तर? येथून पुढे वाट अवघड होते आणि पहिली अडचण व्याख्येचीच येते. मण्यावरील कार्य मोजायचे तर त्याचा मार्ग पाहता येतो. अणूला असा मार्गच नसतो. ऑग्सबर्गच्या पीटर टाल्कनर, एरिक लुट्झ आणि पीटर हेन्गी यांनी २००७ मध्ये निक्षून सांगितले की, पुंजयामिकीच्या भाषेत कार्य ही ऊर्जेसारखी एका क्षणी मोजता येणारी राशीच नव्हे. बाहेरून बंद असलेल्या प्रणालीत ती दोनदा मोजून मिळते : सुरुवातीला ऊर्जा मोजा, शेवटी पुन्हा मोजा आणि वजाबाकी करा. परंतु मोजताक्षणी अणूचे अध्यारोपण, म्हणजे एकाच वेळी दोन ऊर्जापातळ्यांत असण्याची अवस्था, कोलमडते. जे पाहायचे होते तेच पाहण्याच्या कृतीने नष्ट होते.

खुल्या आणि मंद प्रणालीत ही अडचण बरीच सौम्य होते. प्रणाली सतत परिसराच्या तापमानाशी जुळवून घेत असल्याने आरंभीचे मापन काहीच बिघडवत नाही. तेथे अध्यारोपण नसतेच. परिसर ते पुसून टाकत असतो. यावरून अनेकांना वाटले असावे की, सावकाशीत क्वांटमचे सारे वैशिष्ट्य विरघळून जाईल आणि मण्याचाच नियम अणूलाही लागू पडेल. २०१९ मध्ये हॅरी मिलर, मात्तेओ स्कांदी, जॅनेट अँडर्स आणि मार्टी पेरारनाऊ-ल्योबेत यांनी 'फिजिकल रिव्ह्यू लेटर्स'मध्ये दाखवून दिले की तसे घडत नाही.

त्यांचे म्हणणे समजण्यासाठी चुंबकीय क्षेत्रातील एका फिरकीची कल्पना करावी. ती एखाद्या होकायंत्राच्या सुईसारखी क्षेत्राच्या दिशेने वळू पाहते आणि उष्णता तिला हेलकावे देते. आता क्षेत्र दोन प्रकारे बदलता येते. एक, दिशा तीच ठेवून जोर वाढवायचा. तेव्हा फिरकीच्या दोन पातळ्यांमधील अंतर वाढते आणि वरच्या-खालच्या पातळीत असण्याची शक्यता तेवढी बदलते. हा बदल परिसरामार्फत व्हायला थोडा वेळ लागतो, त्या विलंबातून नासाडी होते आणि जुने नाते शाबूत राहते. दुसरा प्रकार म्हणजे क्षेत्राची दिशाच वळवायची. मग फिरकी किंचित मागे पडते. जुन्या दिशेला असलेली सुई नव्या दिशेच्या हिशेबात 'वर' आणि 'खाली' यांचे मिश्रण ठरते. म्हणजेच अध्यारोपण निर्माण होते. परिसर ते लगेच पुसतो; परंतु पुसण्याची किंमत घेतो. या किमतीला संशोधक क्वांटम घर्षण म्हणतात.

घर्षण म्हटले की नासाडी आलीच, त्यात नवल नाही. नवल आहे ते या किमतीच्या वसुलीत. मण्याला विलंबाची किंमत सुट्ट्या पैशांत चुकवता येते, कारण पाण्याशी तो कितीही बारीक देवाणघेवाण करू शकतो. फिरकीकडे सुटे नसतात. तिच्या दोन पातळ्यांमध्ये जेवढे अंतर, तेवढी पूर्ण ऊर्जा एका उडीत द्यायची किंवा काहीच द्यायची नाही. समजा, एखाद्याला रोज पाच रुपये भरावे लागतात आणि दुसऱ्याला शंभर दिवसांतून एकदाच पाचशे रुपयांचा दंड होतो. दोघांची सरासरी एकच आहे. पण दुसऱ्याच्या जमाखर्चात धक्के कितीतरी मोठे आहेत. म्हणून दिशा वळवणाऱ्या प्रक्रियेत कार्याचा फैलाव जुन्या नियमाने सांगितलेल्यापेक्षा जास्त निघतो. त्या समीकरणात एक नवे पद येते आणि ते कधीही ऋण नसते. फायद्याच्या बाजूने ते कधीच झुकत नाही.

तापमान जास्त असेल तर एक उडी केटीच्या तुलनेत चिल्लरच ठरते आणि हे पद नाहीसे होते. थंडीत मात्र ते बळावते. अतिवाहक क्यूबिट सुमारे वीस मिलिकेल्विनला, म्हणजे निरपेक्ष शून्याच्या अगदी जवळ, ठेवले जातात. त्यांच्या पातळ्यांमधील अंतर पाच गिगाहर्ट्झच्या लहरीएवढे धरले, तर ते तेथील केटीच्या बारा पट भरते. साध्या दोन पातळ्यांच्या नमुन्यात हिशेब केला, तर क्वांटम घर्षणातून होणाऱ्या नासाडीमागे फैलावाचा वर्ग जुन्या नियमाच्या सहापट येतो.

यातील सर्वांत अस्वस्थ करणारी गोष्ट अशी की, जास्त सावकाशीने हे प्रमाण सुधारत नाही. वेळ वाढवला तर नासाडी घटते आणि नवे पदही घटते. पण दोन्ही एकाच गतीने. त्यांचे गुणोत्तर तसेच राहते. आलेखही घंटेसारखा राहत नाही. त्याला एका बाजूला लांब शेपूट फुटते. मंद प्रक्रियेत सारे काही गुळगुळीत होते, ही उष्मागतिकीची जुनी समजूत येथे अपुरी पडते.

त्या शेपटीत काय दडलेले असते, हे बिट पुसण्याच्या उदाहरणात स्पष्ट दिसते. मिलर, जाकोमो ग्वार्निएरी, मार्क मिचिसन आणि डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजमधील जॉन गूल्ड यांनी २०२० मध्ये हा प्रश्न हाताळला. क्यूबिट पुसण्याची पद्धत अशी : आरंभी दोन्ही पातळ्या जवळजवळ सारख्या उंचीवर ठेवायच्या आणि मग त्यांच्यातील अंतर सावकाश वाढवत न्यायचे. क्यूबिट हळूहळू खालच्या पातळीत स्थिरावतो. नुसते अंतरच वाढवले, तर ते केटीच्या खूप वर जाईपर्यंत वरची पातळी रिकामी झालेली असते. म्हणून तेथून खाली पडायला कोणी उरत नाही. परंतु अंतर वाढवताना दिशाही वळली, तर त्या उंच झालेल्या पातळीत अध्यारोपणाच्या वाटेने थोडीशी शक्यता झिरपते. क्वचित एखाद्या खेपेला क्यूबिट तेथून खाली कोसळतो आणि एकदम मोठी उष्णता परिसरात फेकतो. वरच्याच आकड्यांत सांगायचे तर अशी एक उडी लँडॉएरच्या मर्यादेच्या सुमारे १७ पट असते.

सरासरी पाहणाऱ्याला हे कळणारही नाही. सरासरी मर्यादेच्या जवळच राहते, कारण अशा खेपा दुर्मीळ असतात. क्वांटम संगणकात मात्र शेजारच्या क्यूबिटला थंड आणि निवांत परिसर हवा असतो, आणि पुसण्याची क्रिया एकदा नव्हे तर पुनःपुन्हा करावी लागते. चुका दुरुस्त करण्याची सारी व्यवस्थाच त्यावर उभी आहे. कोट्यवधी खेपा झाल्या की दुर्मीळ घटना दुर्मीळ राहत नाहीत. आज या संगणकांपुढे इतर अडचणी इतक्या मोठ्या आहेत की, हा अडथळा लगेच कोणाला थांबवणार नाही. तो आहे तो अगदी शेवटच्या टप्प्यावरचा, निसर्गानेच घातलेला.

सूक्ष्म उष्णतायंत्रांचीही हीच कथा आहे. कमी नासाडी, चांगली शक्ती आणि स्थिर चाल या तीन गोष्टी एकत्र किती मिळवता येतात, यावर बंधने आहेत. मंदपणे आणि आवर्तनाने चालणाऱ्या यंत्रांसाठी ही बंधने स्थिर प्रवाहावर चालणाऱ्या यंत्रांपेक्षा सैल असतात, ही आनंदाची गोष्ट. क्वांटम चढउतार त्या सवलतीतून थोडी कापून घेतात, हे २०२१ मध्ये दाखवण्यात आले.

मग उपाय? एक आहे, आणि तो मार्ग निवडण्याचा. एकूण वेळ ठरलेला असेल तर सर्वत्र एकाच वेगाने जाणे शहाणपणाचे नसते. प्रणाली जेथे जड आणि आळशी असते तेथे रेंगाळावे, इतरत्र झपाट्याने जावे. पीटर सॅलमन आणि स्टीफन बेरी यांनी १९८३ मध्ये याला भूमितीचे रूप दिले : प्रक्रियेच्या मार्गाला एक 'उष्मागतिकीय लांबी' असते आणि सर्वांत आखूड मार्गावर नासाडी सर्वांत कमी. मण्याच्या जगात नासाडीचा आखूड मार्ग आणि चढउतारांचा आखूड मार्ग एकच असतो, कारण दोन्ही एकाच नात्याने बांधलेले आहेत. क्वांटम जगात हे दोन मार्ग वेगळे होतात. अभियंत्याला आधी ठरवावे लागते की, त्याला बचत हवी की भरवसा.

प्रयोगशाळाही मागे राहिलेल्या नाहीत, आणि त्यात पुण्याचाही वाटा आहे. पुण्याच्या आयसरमध्ये सोहम पाल, टी. एस. महेश आणि बिजयकुमार अगरवाला यांनी २०१९ मध्ये रेणूतील अणुकेंद्रकांच्या फिरक्या वापरून उष्णतेच्या देवाणघेवाणीचा नियम क्वांटम पातळीवर तपासला. दोन फिरक्यांना वेगवेगळी तापमाने देऊन त्यांना एकमेकींच्या संपर्कात आणले, तर क्वचित उष्णता थंडाकडून गरमाकडेही जाते. किती क्वचित, हे नियम नेमके सांगतो. हे काम मंद प्रक्रियांविषयी नव्हते. पण सूक्ष्म पातळीवर उष्णतेची सरासरी नव्हे तर पूर्ण वाटणी मोजता येते, हे त्यातून दिसले. मंद प्रक्रियांमधील जे नवे पद कागदावर मांडले गेले होते, त्याची खूण जर्मनीतील माइन्झ येथे विद्युतक्षेत्राच्या सापळ्यात अडकवलेल्या एका आयनावर मिळाली. लेझरच्या साहाय्याने दिशा वळवायची, ऊर्जा मोजायची आणि हे हजारो वेळा करायचे, अशी ती पद्धत होती. २०२४ मध्ये 'नेचर कम्युनिकेशन्स'मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात जुन्या नात्याला द्यावी लागणारी क्वांटम दुरुस्ती स्पष्टपणे वेगळी काढता आली. विशेष म्हणजे, प्रक्रिया सिद्धांताला अपेक्षित होती तितकी मंद नसतानाही ती ओळखता आली.

एक मोठा प्रदेश अजून मोकळा आहे. वरील बहुतेक हिशेबांत प्रणालीचा परिसराशी संबंध सैल धरला आहे, म्हणजे दोघांच्या मधल्या बंधनात अडकलेली ऊर्जा नगण्य मानली आहे. संबंध घट्ट झाला की ही ऊर्जा कार्याच्या खात्यात लिहायची की उष्णतेच्या, यावर एकमत नाही. त्याबद्दलचे वाद चालू आहेत आणि एका लहानशा फिरकीचा जमाखर्च लिहिण्याच्या एकाहून अधिक पद्धती सध्या शेजारी-शेजारी वापरल्या जात आहेत.